श्वासाजवळचे मापयंत्र

इ. स. १९५२ च्या डिसेंबर महिन्यात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, लंडन शहरावर धुके अक्षरशः मुक्काम ठोकून होते. वारा पडला होता, थंडी कडक होती आणि घरोघरच्या शेगड्यांतून निघणारा कोळशाचा धूर त्या धुक्यात कोंडला जात होता. ८ तारखेच्या रात्री सॅडलर्स वेल्स या नाट्यगृहात चाललेली संगीतिका मध्येच बंद करावी लागली. कारण धुके आत शिरले आणि प्रेक्षकांना रंगमंच दिसेनासा झाला. या पाच दिवसांच्या पायी सुमारे ४,००० माणसे नेहमीपेक्षा अधिक दगावली, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. पुढील अभ्यासकांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला आहे.

त्या पाच दिवसांत हवेचे मोजमाप चालू होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शहरातील ठरावीक इमारतींत बसविलेली यंत्रे बाहेरची हवा पंपाने ओढून पांढऱ्या गाळणकागदातून जाऊ देत. कागदावर जो काळा डाग उठे, त्याच्या गडदपणावरून हवेतील काजळीचे प्रमाण काढीत. त्या दिवसांतील एका केंद्राचा सर्वांत मोठा दैनिक आकडा घनमीटरमागे ४.४६ मिलिग्रॅम इतका होता. या मोजणीचे मोल थोडके नव्हते. १९५६ साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला, त्याला अशा आकड्यांचा भक्कम आधार होता.

परंतु तो आकडा इमारतीबाहेरच्या हवेचा होता, माणसाचा नव्हता. मृतांत वृद्ध, तान्ही मुले आणि छातीचे विकार जडलेली माणसे यांचा भरणा अधिक. अशी माणसे ऐन थंडीत घराबाहेर कितीशी पडत असतील? त्यांनी शेवटचे श्वास घेतले ते बंद दारांआड. तेथील हवा कशी होती, हे सांगणारे यंत्र त्यांच्या उशाशी नव्हते.

यंत्र माणसाजवळ आले ते निराळ्याच वाटेने. इंग्लंडातील हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सर्गी धुळीची धास्ती असे. तेथील शेरवुड नावाच्या तज्ज्ञाने एका सहकाऱ्यासह १९६० साली, बॅटरीवर चालणारा व अंगावर बाळगता येईल असा छोटा पंप प्रसिद्धीस आणला. गाळणकागदाची डबी कामगाराच्या कोटाच्या कॉलरवर, म्हणजे नाकातोंडापासून वीतभर अंतरावर. खोलीत एका जागी ठेवलेल्या यंत्राचा आकडा आणि कॉलरवरचा आकडा जुळत नसत. कॉलरवरचा बहुधा मोठा असे. यात नवल ते काय? धूळ उडते ती जेथे हात चालतात तेथे, भिंतीपाशी नव्हे.

याच सुमारास, १९५९ साली, दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी फुफ्फुसांच्या जुन्या विकारातून उद्भवणाऱ्या हृदयरोगासंबंधी एक लेख लिहिला. धूम्रपान क्वचितच करणाऱ्या स्त्रियांतही हा रोग त्यांना मोठ्या प्रमाणात आढळला, आणि संशयाचे बोट स्वयंपाकघरातील धुराकडे वळले. पण संशय म्हणजे माप नव्हे. ते माप घेतले जाण्यास आणखी वीस-बावीस वर्षे जावी लागली.

१९८१ साली कर्क स्मिथ हे अमेरिकन संशोधक व त्यांचे भारतीय सहकारी गुजरातमधील चार खेड्यांत गेले. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर त्यांनी हे छोटे पंप बांधले. सरपण आणि गोवऱ्या यांवर रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांना पाणी येते, हे सांगायला पंडित लागत नाही. तिच्या छातीत किती जाते, हे मात्र तोवर कोणी तोलून पाहिले नव्हते म्हटले तरी चालेल. गाळणकागद तोलले तेव्हा स्वयंपाकाच्या वेळेपुरती सरासरी निघाली घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम! लंडनचा आकडा पूर्ण दिवसाचा आणि काजळीच्या डागावरून काढलेला, गुजरातचा केवळ रांधण्याच्या वेळेचा आणि सर्व धूलिकणांच्या वजनाचा. तेव्हा दोन्ही एकाच तराजूत घालणे रास्त होणार नाही. तरीही ज्या धुक्याने एका राजधानीचे कायदे बदलले, त्याच्या तोडीची हवा खेड्यातील बाई रोज चुलीपुढे हुंगत होती, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी केंद्रात होत नव्हती.

स्मिथ यांनी पुढे यातून एक ढोबळ हिशेब मांडला. घरात सोडलेला धूर माणसाच्या फुफ्फुसात पोहोचण्याचा संभव बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा सुमारे हजारपट अधिक असतो. गिरणीचे धुराडे टनावारी धूर ओकते, पण तो उंचावर जाऊन पांगतो. चूल मूठभर धूर सोडते, आणि तो थेट नाकाशी जातो. हवेतील प्रमाण हा हवेचा गुण. माणसाच्या वाट्याला येणारी मात्रा ही त्या प्रमाणाइतकीच त्याने तेथे घालविलेल्या वेळावर अवलंबून असते.

हे केवळ चुलीपुरतेच खरे, असे मात्र नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड गावी १९९० साली १७८ नागरिकांच्या अंगावर यंत्रे बांधण्यात आली. दिवसा घरात आणि घराबाहेर धूलिकणांचे प्रमाण घनमीटरमागे सुमारे ९५ मायक्रोग्रॅम, आणि माणसांच्या अंगावरच्या यंत्रांत सुमारे १५०! आत कमी, बाहेर कमी, आणि माणसापाशी मात्र अधिक, हे कोडे प्रथम चमत्कारिक वाटते. माणूस चालतो, झाडतो, अंथरूण झटकतो, आणि स्वतःभोवती धुळीचा एक लहानसा ढग बाळगीत हिंडतो. ज्यांच्या हाती रोज केरसुणी असते त्यांना हे कोडे पडले नसते.

हैदराबादच्या भोवतालचा रंगारेड्डी आणि पलीकडचे वरंगळ व निझामाबाद या तीन जिल्ह्यांतील ४२० ग्रामीण घरांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हे जिल्हे तेव्हा आंध्र प्रदेशात होते, आज तेलंगणात आहेत. चेन्नईच्या कल्पना बालकृष्णन यांचा त्यात प्रमुख भाग होता. यंत्रांच्या जोडीला घरातील प्रत्येक माणूस दिवसाचा कोणता वेळ कोठे घालवितो, याचीही टिपणे घेण्यात आली. गॅस वापरणाऱ्या घरांत चोवीस तासांची सरासरी ७३ मायक्रोग्रॅम होती, तर सरपण व शेणी जाळणाऱ्या घरांत ७३२ पर्यंत. सर्वांत अधिक मात्रा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला, हे अपेक्षितच होते. पण पुरुषांत सर्वाधिक कोणाच्या? ६५ ते ८० वर्षांच्या म्हाताऱ्यांच्या. शेतावर जाणे सुटलेले, घरात बसून असलेले. लंडनच्या वृद्धांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

यानंतर प्रश्न उरला तो उपायाचा. २०१८ साली तामिळनाडू, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा या चार ठिकाणी ३,२०० गरोदर स्त्रियांवर एक मोठी चाचणी सुरू झाली. निम्म्यांना गॅसची शेगडी व इंधन फुकट, निम्म्यांची जुनी चूल चालू. अंगावरच्या यंत्रांनी सूक्ष्म कणांचा मध्यक आकडा दाखविला तो जुन्या चुलीपाशी ७१ मायक्रोग्रॅम आणि गॅसपाशी २४. घट भरघोस होती. परंतु २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांतील अर्भकांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. गॅस निरुपयोगी, असा त्याचा अर्थ घाईने काढू नये. बाईच्या डोळ्यांतील पाणी आणि सरपणासाठीची पायपीट या मोजणीत धरलेलीच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांसाठी सुचविलेली वार्षिक मर्यादा आहे ५ मायक्रोग्रॅम. गॅसवर रांधणाऱ्या बाईच्या अंगावरचे २४ हे तिच्या पाचपटीच्या आसपास जातात, आणि त्यांतील पुष्कळसे कण तिच्या शेगडीतून आलेले नसतात. ते शेजारच्या चुलीतून, रस्त्यावरून आणि दूरच्या धुराड्यांतून तिच्या दारात येतात.