लिबर्टेरियनवाद

लिबर्टेरियनवाद किंवा स्वातंत्र्यवाद ही व्यक्तिस्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता आणि स्वेच्छेने केलेले करार यांना अग्रस्थान देणारी राजकीय विचारसरणी आहे. शासनाची, विशेषतः केंद्र शासनाची, सत्ता शक्य तितकी मर्यादित असावी, असे तिचे प्रतिपादन आहे. अमेरिकेत या विचारसरणीचा लिबर्टेरियन पक्ष १९७१ साली स्थापन झाला.

तात्त्विक भूमिका

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी 'ॲनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४) या ग्रंथात किमान राज्याची कल्पना मांडली. बळजबरी, चोरी व फसवणूक यांपासून संरक्षण आणि करारांची अंमलबजावणी एवढीच कार्ये अशा राज्याकडे असतात. फ्रेडरिक हायेक यांचा युक्तिवाद ज्ञानाशी निगडित आहे. समाजातील उपयुक्त माहिती असंख्य व्यक्तींमध्ये विखुरलेली असते. कोणतेही मध्यवर्ती नियोजन मंडळ ती एकत्र करू शकत नाही. बाजारातील किमती मात्र तिचे वहन करतात, असे त्यांनी १९४५ साली मांडले.

सामाजिक प्रश्नांविषयी मते

दारिद्र्य, शिक्षण व आरोग्य या प्रश्नांवर सर्व लिबर्टेरियन विचारवंतांचे एकमत नाही. काहींच्या मते ही जबाबदारी कुटुंब, धर्मादाय संस्था व परस्पर साहाय्य मंडळे यांनी उचलावी. मिल्टन फ्रीडमन यांनी 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' (१९६२) या पुस्तकात मध्यम मार्ग सुचविला. शासनाने स्वतः शाळा चालविण्यापेक्षा पालकांना शिक्षणासाठी व्हाउचर द्यावे आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना 'ऋण आयकर' पद्धतीने रोख साहाय्य करावे, असे त्यांचे मत होते. सक्तीच्या लष्करभरतीलाही त्यांचा विरोध होता. अमेरिकेत ती १९७३ साली बंद झाली.

टीका

केंद्रसत्ता दुर्बळ झाली म्हणजे व्यक्ती स्वतंत्र होतेच असे नाही, हा या विचारसरणीवरील प्रमुख आक्षेप आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेद राज्यांच्याच कायद्यांनी टिकवून धरला होता आणि तो मोडण्यासाठी १९६४ चा संघीय नागरी हक्क कायदा आवश्यक ठरला. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी मर्यादित शासनाच्या भूमिकेतून या कायद्याविरुद्ध मतदान केले होते. वर्णभेद लादणारे कायदे लिबर्टेरियन तत्त्वांनाही अमान्य आहेत. मात्र खाजगी व्यावसायिकाने केलेल्या भेदभावास कायद्याने मनाई करावी की नाही, याविषयी त्यांच्यात आजही मतभेद आहेत.

भारतातील समांतर विचार

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या पुढाकाराने १९५९ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने परवाना पद्धतीला व केंद्रीय नियोजनाला विरोध केला. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत या पक्षास ४४ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी निर्यातबंदी, लेव्ही यांसारख्या सरकारी निर्बंधांमुळेच शेतमालाचे भाव पाडले जातात, असे प्रतिपादन केले. शेतकऱ्याला अनुदानापेक्षा बाजाराचे स्वातंत्र्य हवे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.