मूळची गाडी की अस्सल गाडी?

वाचकहो, बैलगाडी तुमच्या रोजच्या ओळखीची. आजोबांनी करून घेतलेल्या गाडीची चाके वडिलांनी बदलली, पुढे जू नवे आले, आख मोडला तोही नवा बसवला. तरी घरची माणसे तिला आजोबांचीच गाडी म्हणतात. पण उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने विचारले, "यात आजोबांच्या वेळचे लाकूड किती?" तर तुम्ही काय सांगाल?

१९९० साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे असाच सवाल आला. फरक एवढाच, की ती गाडी शर्यतीची मोटार होती, आणि तिची किंमत ठरली होती एक कोटी पौंड!

ही मोटार बेंटली कारखान्याची, 'स्पीड सिक्स' जातीची. इंजिन साडेसहा लिटरचे, सहा सिलिंडरांचे. फ्रान्समध्ये ल मां गावी अहोरात्र चोवीस तास चालणारी मोटारींची शर्यत होते. १९२९ साली ती या गाडीने जिंकली. चालक होते वुल्फ बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन. त्या वर्षी पहिले चारही क्रमांक बेंटलीचेच आले. १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किड्स्टन यांनी पुन्हा शर्यत मारली. या गाडीला 'ओल्ड नंबर वन', म्हणजे 'जुनी एक नंबर', असे नाव पडले.

पुढे १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ती उंच कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. नंतर बार्नाटो यांनी मोडक्या गाडीतून रस्त्यावर वापरायची बंदिस्त गाडी करून घेतली.

आता खटल्याकडे वळू. मालकाने गाडी विकायचा करार केला, पण घेणारी कंपनी मागे फिरली. तिचे म्हणणे, ही खरी 'ओल्ड नंबर वन' नव्हेच! मग एकेका भागाची झडती सुरू झाली. जाणकारांच्या साक्षी झाल्या. निष्कर्ष ऐका. १९२९ च्या गाडीतले, काही किरकोळ वस्तू सोडल्या तर, खात्रीने सांगावे असे काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीतले गिअरपेटीचे कवच, पेडलचा दांडा आणि सुकाणूचा खांब एवढेच शिल्लक होते. सांगाडा, पुढचा आख, मोठे इंजिन ही सारी १९३२ ची.

मग कंपनी जिंकली असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे झाले नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी दोन शब्द वेगळे केले. ही गाडी 'मूळची' म्हणता येणार नाही, पण 'अस्सल' मात्र आहे. शर्यतीच्या गाडीचे भाग शर्यतीगणिक बदलतातच. ते बदल टप्प्याटप्प्याने झाले. जुनी गाडी संपली आणि दुसरी सुरू झाली, असा क्षण कधी आलाच नाही. शिवाय या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात कुठेच नव्हती. सबब करार पाळावा, असा निकाल झाला.

यातून घेण्याजोगी गोष्ट अशी. वस्तूचे खरेपण केवळ लाकडा-लोखंडात नसते. तिच्या अखंड इतिहासातही असते. मात्र तो इतिहास सिद्ध करायचा तर कोणता भाग कधी आणि का बदलला, याची प्रामाणिक नोंद हवी. बदल लपवला की संशय येतो, नोंदवला की तोच पुरावा होतो.

शिक्षकबंधूंनी हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा. गावातले एखादे जुने देऊळ, विहीर किंवा शाळेचीच इमारत घ्यावी. मूळचे काय, मागाहून आलेले काय, आणि ते कशावरून, हे मुलांना शोधू द्यावे. मूळ आणि अस्सल यांतला भेद मुलांना कळला, की इतिहासाचा पहिला धडा झाला म्हणून समजा.