दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर एसजीपीटी का वाढतो?

पित्ताशयाचे ऑपरेशन व्यवस्थित होते, पण दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात. अंधेरी असो वा मुलुंड, नातेवाईकांचा प्रश्न एकच: "डॉक्टर, लिव्हरला काही झालं का?" उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पोट उघडून पहिल्यांदा पित्ताशय काढले. पुढे शंभर वर्षे हीच पद्धत होती. १९८५ मध्ये जर्मनीच्या एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांच्यावर टीकाच केली. आपल्याकडे हे ऑपरेशन १९९० मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी सुरू केले. १९७२ पासून ते तिथे निदानासाठी दुर्बीण वापरत होते. आज उपनगरांतल्या छोट्या नर्सिंग होममध्येही हे ऑपरेशन होते.

एसजीओटी रक्तात मोजण्याची पद्धत १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आर्थर कार्मेन व सहकाऱ्यांनी दिली होती. दुर्बिणीची ऑपरेशने वाढल्यावर सर्जनांच्या लक्षात आले की, पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा इथे हे आकडे जास्त वेळा वाढतात.

कारण काय?

दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याचा दाब साधारण १२ ते १५ मिमी असतो. यकृताला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब मात्र ७ ते १० मिमीच असतो. त्यामुळे तेवढा वेळ यकृताचा रक्तपुरवठा कमी होतो. शिवाय यकृत वर उचलून धरावे लागते आणि जवळच कॉटरीची उष्णता असते. पेशींतले थोडे एन्झाइम रक्तात उतरते. बहुतेकांत हे आकडे आठवडाभरात पूर्ववत होतात. शस्त्रक्रियेच्या ताणाने पांढऱ्या पेशीही एक-दोन दिवस थोड्या वाढू शकतात.

मग काळजी कधी करायची?

बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढत असतील तर पित्तनलिकेत खडा राहिला आहे का, किंवा नलिकेला इजा झाली आहे का, हे तपासावे लागते. डोळे पिवळे होणे, गडद लघवी, ताप, थंडी, वाढती पोटदुखी, सतत उलट्या यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी आपल्या सर्जनला दाखवा.

ऑपरेशनपूर्वीचा रिपोर्ट जपून ठेवा. यकृताचा जुना आजार असेल तर आधीच सांगा. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, हे महत्त्वाचे.