युद्धकाळातील शाळा आणि हवामानाची विद्या

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर विमानहल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. पुढील वर्षभरातच त्या देशाच्या माध्यमिक शाळांत एक नवा विषय दाखल झाला. सोळा-सतरा वर्षांची मुले भूमिती व भौतिकशास्त्र ह्यांच्या जोडीने विमान हवेत कशाच्या बळावर राहते, ढग किती उंचीवर बनतात आणि धुके केव्हा पडते, ह्याचे धडे घेऊ लागली.

ह्यामागे निकड होती. वैमानिक चार दिवसांत घडत नाही; त्याच्या गणिताचा व विज्ञानाचा पाया आधीच भरलेला असावा लागतो. म्हणून तेथील नागरी विमानवाहतूक प्रशासनाच्या पुढाकाराने कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज आणि नेब्रास्का विद्यापीठ येथील अध्यापकांनी शाळांसाठी पाठ्यपुस्तके सिद्ध केली व ती १९४२ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सक्तीच्या सैन्यभरतीचे किमान वय २० वरून १८ वर आणणारा कायदा झाला. शेवटच्या वर्गातील मुलगा आणि रणांगण ह्यांच्यात आता जेमतेम एका वर्षाचे अंतर उरले होते.

हे धडे साधे, परंतु पक्के होते. उचल, वजन, रेटा आणि रोध ह्या चार बलांचा मेळ म्हणजे उड्डाण, हे प्रथम समजावून दिले जाई. मग वाऱ्याचे गणित येई. ताशी १०० मैल वेगाचे विमान नाक उत्तरेकडे रोखून निघाले आणि पश्चिमेकडून ताशी २० मैलांचा वारा वाहत असला, तर तासाभराने ते ठरल्या ठिकाणापासून २० मैल पूर्वेला गेलेले असते. हवेचे तापमान व दवबिंदू ह्यांत १० अंश सेल्सिअसचा फरक असला, तर वर चढणाऱ्या हवेत साधारण ४,००० फुटांवर ढग धरू लागतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाबाचा प्रदेश डाव्या हाताला असतो.

वर्गाबाहेर हातांनाही काम होते. शत्रूचे विमान कोणते व आपले कोणते, हे क्षणात ओळखता यावे म्हणून नौदलाने १९४२ च्या आरंभी शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. त्यांचे प्रमाण एकास बहात्तर होते. अशी प्रतिकृती ३६ फुटांवरून पाहिली, की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसावे तशी ती दिसे.

१९४२ च्या सप्टेंबरात विद्यार्थ्यांची ‘व्हिक्टरी कोअर’ ही संघटना उभी राहिली. तिच्या धोरण समितीचे अध्यक्षपद एडी रिकनबॅकर ह्यांच्याकडे होते. पहिल्या महायुद्धात शत्रूची २६ विमाने पाडणारे हे नामांकित वैमानिक. पुढच्याच महिन्यात, प्रवासी म्हणून ते ज्या विमानात होते, त्याला प्रशांत महासागरातील कँटन बेट सापडले नाही. पाठीमागचा वारा अंदाजापेक्षा जोराचा होता. इंधन संपून विमान समुद्रात उतरले आणि त्यातील आठ जण रबरी तराफ्यांवर सुमारे २४ दिवस तरंगत राहिले. त्यांतील एक दगावला. शाळेतील फळ्यावरचे वाऱ्याचे गणित चुकले तर काय होते, हे त्या संघटनेच्या प्रमुखालाच अनुभवावे लागले.

तथापि ह्या विद्येचे शिक्षण चालू असतानाच तिचे रोजचे अन्न तोडले गेले होते. शत्रूच्या पाणबुड्यांना उपयोग होऊ नये म्हणून हवामानाच्या वार्तांवर कडक निर्बंध होते. बेसबॉलचा सामना पावसाने थांबला, तरी आकाशवाणीच्या निवेदकाला थांबण्याचे कारण सांगता येत नसे. दाबाचा नकाशा कसा वाचावा हे मुलांना ठाऊक होते. त्या दिवसाचा नकाशा मात्र जनतेपासून दूर ठेवला जाई.

ह्याची किंमत २७ जुलै १९४३ रोजी मोजावी लागली. त्या दिवशी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन-ह्यूस्टन भागावर चक्रीवादळ आदळले. १९०० साली वादळातच हजारो माणसे गमावलेले गॅल्व्हेस्टन ते हेच. समुद्रातील जहाजांनी बिनतारी यंत्रे बंद ठेवली होती आणि इशाऱ्यांचे मजकूर तपासणीतून गाळून बाहेर पडत होते. लोकांना पुरेशी सूचना मिळाली नाही. १९ माणसे मेली. ज्या युद्धसामग्रीच्या रक्षणासाठी ही गुप्तता होती, ती पुरवणाऱ्या तेलशुद्धीकरण कारखान्यांचीही हानी झाली. त्याच दिवशी जवळच्या ब्रायन येथील तळावर केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची विद्या शिकवणारे जोसेफ डकवर्थ प्रशिक्षणाचे एक विमान घेऊन त्या वादळाच्या डोळ्यापर्यंत गेले आणि सुखरूप परतले. जाणूनबुजून चक्रीवादळात शिरण्याचे हे पहिले उड्डाण होय. वादळांचा विमानातून शोध घेण्याची प्रथा पुढे रूढ झाली, तिचा उगम तेथे आहे.

१९४४ मध्ये व्हिक्टरी कोअर बंद झाली. त्या काळच्या धड्यांचे मोल मात्र युद्धापुरते नव्हते. भिंतीवरचा वायुभारमापक एकाच जागेचा दाब सांगतो. वादळ कोठून येत आहे हे कळण्यास अनेक ठिकाणांच्या नोंदी एका नकाशावर यावयास हव्यात आणि तो नकाशा किनाऱ्यावरील माणसाच्या दृष्टीस पडावयास हवा. दवबिंदू कसा काढावा, हे शाळा शिकवू शकते; आजचा दवबिंदू किती, हे कोणी तरी उघडपणे सांगावे लागते. विद्या पसरवून वार्ता कोंडली, तर शिकलेला माणूसही वादळापुढे अडाणीच ठरतो, हे गॅल्व्हेस्टनच्या किनाऱ्यावर दिसून आले.