क्वांटिटी सर्व्हेअर नेमावा की नाही?

नागपुरात बेसा, मानेवाडा किंवा वाठोडा परिसरात भूखंड घेऊन घर बांधणारे वास्तुविशारद आणि कंत्राटदार पारखून निवडतात. मात्र काम किती झाले व त्याचे पैसे किती द्यावयाचे, हे मोजणारा तिसरा माणूस बहुधा नसतो. ते काम क्वांटिटी सर्व्हेअरचे. नकाशावरून प्रत्येक बाबीचे परिमाण काढणे, अंदाजपत्रक तयार करणे, जागेवर मोजमाप घेऊन कंत्राटदाराचे देयक तपासणे आणि वाढीव कामाचा दर ठरविणे ही त्याची प्रमुख कामे होत.

हजार चौरस फुटांच्या, पाच इंच जाडीच्या स्लॅबला सुमारे ४१७ घनफूट, म्हणजे ४.१७ ब्रास काँक्रीट लागते. जाडी अर्धा इंच कमी राहिली तर सुमारे ४२ घनफूट काँक्रीट वाचते. देयक मात्र पूर्ण जाडीचे येऊ शकते आणि स्लॅब कायमचा कमकुवत राहतो. ओलसर वाळूही फुगलेली असते, त्यामुळे ट्रकमध्ये मोजलेला ब्रास प्रत्यक्षात कमी भरतो.

नागपूरच्या अनेक भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. खोदकाम सुरू झाल्यावर पाया अधिक खोल न्यावा लागण्याची शक्यता असते. चौरस फुटाच्या ठोक दराने करार असेल, तर ही वाढ वादाचे मूळ ठरते. खोदकाम, काँक्रीट व लोखंड यांचे बाबनिहाय दर आधीच लिहून घेतल्यास वाद टळतो.

लहान, एकमजली घरासाठी पूर्णवेळ नेमणूक आवश्यक नाही. सुरुवातीला परिमाणपत्रक करून घ्यावे आणि पाया, जोते, स्लॅब व अखेरचे देयक या टप्प्यांवर मोजमाप करून घ्यावे. बहुमजली इमारत, सोसायटीचा पुनर्विकास किंवा भावंडांत खर्च वाटून होणारे बांधकाम असेल, तर नेमणूक करणेच हिताचे.

वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. या व्यवसायाला तशी सक्ती नाही. त्यामुळे पदविका वा पदवी आणि पूर्वी केलेली अंदाजपत्रके पाहावीत. शुल्क खर्चाच्या टक्केवारीऐवजी ठोक ठरवावे, कारण खर्च वाढण्यात मोजणाऱ्याचा फायदा असू नये. तो कंत्राटदाराने सुचविलेला नसावा, हे तर ओघानेच आले. गृहकर्ज व भविष्यनिर्वाह निधीतून उभारलेला पैसा एकदाच खर्च होतो; स्लॅब पडल्यावर त्याची जाडी मोजणे फार कठीण असते.