मूत्राशयाचा शोथ आणि खुराक खाल्लेली पेशी

बीड जिल्ह्यात लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. धने-जिऱ्याचे पाणी, ताक असे घरगुती उपाय होतात. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टर लघवी तपासतात. बहुधा जंतू सापडतात आणि प्रतिजैविकांनी ते मरतात. पण काही रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत. ओटीपोट दुखते, मूत्राशय थोडेसे भरले तरी कळ येते, रात्रीची झोप लागत नाही, आणि हे वर्षानुवर्षे चालते. जंतू नाहीत, तर मग शोथ कशाचा?

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही शोथाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवली होती. त्यामागे पेशींची हालचाल असते हे कळायला मात्र 1867 साल उजाडले. त्या वर्षी जर्मनीत कोनहाइम यांनी बेडकाच्या रक्तवाहिनीतून श्वेतपेशी बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पुढे 1878 मध्ये पॉल एर्लिख या 24 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एका नव्या पेशीचे वर्णन केले. कापड रंगवण्यासाठी निघालेले अ‍ॅनिलिन रंग तो ऊतींच्या कापांवर वापरून पाहत असे. काही पेशी कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या, आणि गंमत म्हणजे निळ्या रंगात बुडवूनही ते कण जांभळट झाले. खाऊन खाऊन त्या फुगल्या असाव्यात असे त्याला वाटले. जर्मन भाषेत गुरांना पुष्ट करण्याच्या खुराकाला ‘मास्ट’ म्हणतात, म्हणून नाव पडले मास्ट पेशी. समजूत चुकीची ठरली, नाव राहिले. वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

त्या कणांत असते काय, हे कळायला पाऊणशे वर्षे लागली. 1953 च्या सुमारास स्कॉटलंडमधील डंडी येथे रायली आणि वेस्ट यांनी दाखवले की शरीरातील हिस्टामिनचा मोठा साठा याच पेशींत असतो. गांधील चावल्यावर उठणारी गांध आठवा. तिच्यातली खाज आणि सूज बरीचशी हिस्टामिनची करणी असते.

इकडे रुग्णालयांत वेगळीच वाटचाल चालू होती. 1887 मध्ये अमेरिकेत स्कीन यांनी मूत्राशयाच्या भिंतीत खोलवर पसरणाऱ्या शोथाचे वर्णन केले. 1915 मध्ये हनर यांनी स्त्रियांच्या मूत्राशयातील एका व्रणाविषयी लिहिले आणि शीर्षकातच त्याला दुर्मिळ म्हटले. व्रण दिसला तर आजार खरा, न दिसला तर मनाचा, अशी वृत्ती त्यानंतर बळावली. मूत्रविकारांवरील एका प्रमाणग्रंथाच्या 1978 च्या आवृत्तीतही हा विकार मनोकायिक आजारांच्या प्रकरणात होता! माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातील ही लाजिरवाणी नोंद आहे, कारण 1958 मध्येच सिमन्स आणि बन्स यांनी या विकारात मास्ट पेशींकडे बोट दाखवून हिस्टामिनविरोधी औषध वापरून पाहिले होते.

आज दिसणारे चित्र साधारण असे आहे. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर शर्करायुक्त रेणूंचा बुळबुळीत थर असतो. लघवीतील पोटॅशियमसारखे क्षोभक पदार्थ तो भिंतीत शिरू देत नाही. हे अस्तर विरळ झाले की ते पदार्थ आत झिरपतात आणि चेतातंतूंना चेतवतात. चेतातंतूंच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ हे रसायन सुटते, ते जवळच्या मास्ट पेशींना त्यांचे कण बाहेर टाकायला लावते. कणांतील हिस्टामिन आणि ट्रिप्टेज हे विकर चेतातंतूंना आणखी संवेदनक्षम करतात. शिवाय मास्ट पेशी चेतातंतूंची वाढ करणारे प्रथिनही स्रवतात, म्हणजे वेदना वाहणाऱ्या तारा वाढतात. ते प्रथिन रिता लेव्ही-मोंतालचिनी यांनी शोधले (1986 चे नोबेल). त्याने उलट मास्ट पेशींचीच संख्या वाढते हेही त्यांनी आणि अलोए यांनी 1977 मध्ये उंदरांत दाखवले होते. असे हे रहाटगाडगे. पहिला धक्का कशाचा होता याला मग महत्त्व उरत नाही. जंतू केव्हाच गेलेले असले तरी ते फिरत राहते. मात्र सगळ्याच रुग्णांत मास्ट पेशी वाढलेल्या नसतात, म्हणून एका गोळीने सर्वांना गुण येत नाही.

हे बीडच्या निमित्ताने लिहिण्याचे कारण आहे. दिवाळीच्या सुमारास येथून उसाच्या फडावर जाणाऱ्या ‘कोयत्या’तली बाई पहाटेपासून मोळ्या बांधते. आडोसा नसतो, म्हणून ती पाणी कमी पिते आणि लघवी दाबून धरते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. या सर्वजणींना मूत्राशयाचा शोथ होता असे मुळीच नाही. कारणे अनेक होती आणि त्यांत पैशाचे कारण ठळक होते. पण ओटीपोटात गर्भाशय आणि मूत्राशय अगदी लागून असतात, त्यांच्या वेदना मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोचतात, आणि रुग्णाला त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. मूत्राशयातले रहाटगाडगे गर्भाशय काढून थांबत नाही. शस्त्रक्रियेनंतरही ‘खाली दुखतंय’ म्हणणाऱ्या बाईला तेव्हा ‘आता दुखायला उरलंय काय’ असे उत्तर मिळते. लघवी भरल्यावर दुखते की पाळीच्या वेळी, आणि लघवी झाल्यावर कळ ओसरते का, हे दोन प्रश्न तिला आधी विचारायला यंत्र लागत नाही.