हेमलकसा : पडद्यावरचे आणि प्रत्यक्षातले

१.
हिवाळा सुरू झाला की विदर्भातील अनेक तरुण भामरागडच्या सहलीचा बेत आखू लागतात. ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे – द रियल हिरो’ या चित्रपटात पाहिलेले हेमलकसा प्रत्यक्ष पाहावे, तेथील घनदाट जंगल, नद्या आणि प्राणी अनुभवावेत, अशी त्यांची इच्छा असते. बेत उत्तमच आहे. मात्र हेमलकसा हा चित्रीकरणासाठी उभारलेला देखावा नव्हे. तेथे रुग्णालय चालते आणि शाळा भरते. म्हणूनच निघण्यापूर्वी या जागेचा इतिहास जाणून घ्यावा. हा धागा त्यासाठीच.

२.
योगायोग असा की, हेमलकशाच्या कथेचा आरंभही एका सहलीनेच झाला. १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना, विकास आणि प्रकाश यांना घेऊन भामरागडला गेले. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम तेथे होतो. दृश्य अत्यंत रमणीय. परंतु त्या सहलीत निसर्गाइतकीच दुसरीही एक गोष्ट ठळकपणे दिसली. परक्या माणसाची चाहूल लागताच दूर पळणारे, अर्धपोटी आणि औषधोपचाराविना जगणारे माडिया गोंड.

३.
माडिया त्या जंगलात ‘मागे राहिले’ असे सर्रास म्हटले जाते. इतिहास थोडा निराळा आहे. चांदा जिल्ह्याचा हा दक्षिण-पूर्व भाग जमीनदाऱ्यांचा होता आणि अहेरी ही त्यांतील मोठी जमीनदारी. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती दूरवर होती. म्हणजे या जंगलातील लाकडाला बाहेरच्या जगाचा रस्ता फार पूर्वीच सापडला होता. दवाखान्याला आणि शाळेला तो सापडायला कित्येक दशके लागली.

४.
प्रतिकाराचाही येथे मोठा इतिहास आहे. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. हेमलकशाकडे जाणारा प्रवासी चंद्रपूर शहरातूनच पुढे जातो. तेथील कारागृहाच्या आवारातील हे स्थान आजही लोकांच्या स्मरणात आहे.

५.
आता पुन्हा आमटे कुटुंबाकडे. वरोऱ्याजवळील आनंदवन १९४९ ते १९५१ या काळात आकाराला आले. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये ही त्याची प्रारंभीची पुंजी सुप्रसिद्ध आहे. खडकाळ माळरानावर शेती आणि वस्ती उभी करण्याचा जो अनुभव तेथे मिळाला, तोच पुढे दंडकारण्याच्या या कोपऱ्यात उपयोगी पडला.

६.
२३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. नागपुरात शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेणारे प्रकाश आमटे ते शिक्षण सोडून हेमलकशाला आले. त्यांच्या पत्नी मंदाकिनी याही डॉक्टर, भूलशास्त्रातील तज्ज्ञ. दोघांचे वय तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. या धाग्याच्या अनेक वाचकांचे आज आहे, तेवढेच.

७.
दवाखाना उघडला म्हणून रुग्ण आले नाहीत. माडियांना बाहेरून येणाऱ्याचा अनुभव होता तो मुख्यतः वसुली करणाऱ्याचा वा धाक दाखवणाऱ्याचा. प्रकाश आणि मंदाकिनी माडिया बोली शिकले. अंगावर पुरेसे वस्त्र नसलेल्या माणसांसमोर पूर्ण पोशाखात वावरणे योग्य वाटेना, म्हणून प्रकाश आमटे यांनी बनियन आणि अर्धी चड्डी एवढाच वेश कायमचा स्वीकारला. चित्रपटात ही वेशभूषा लक्षात राहते. तिचे कारणही लक्षात राहायला हवे.

८.
मलेरिया, सर्पदंश, भाजणे, अस्वलाच्या हल्ल्यात फाटलेले चेहरे, अडलेली बाळंतपणे, अशा रुग्णांनी विश्वास हळूहळू वाढत गेला. बरा झालेला एक माणूस आपल्या गावात सांगे, मग दुसरा येई. वीज नसल्याने कंदिलाच्या उजेडातही शस्त्रक्रिया कराव्या लागत. पावसाळ्यात नद्या-नाले भरले की बाहेरच्या जगाशी संपर्क तुटे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड वेगळे पडते, हे वृत्त त्यानंतरही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिले.

९.
१९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. ज्या समाजात अक्षरओळख जवळजवळ नव्हती, त्यातूनच पुढे शिक्षक आणि डॉक्टर घडले. औषधापेक्षा हे काम अधिक संथ होते. हिशेब वाचता येणारा माणूस व्यापाऱ्याकडून सहजी फसत नाही आणि कागद वाचता येणारा माणूस अधिकाऱ्याला प्रश्न विचारतो. शाळेच्या इमारतीकडे पाहताना हा परिणाम दिसत नाही, म्हणून तो येथे नोंदवणे आवश्यक.

१०.
पर्यटकांना सर्वाधिक आकर्षण असते ते प्राण्यांचे. त्याचा आरंभ मात्र भुकेत आहे. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे मेलेली वानरी होती आणि तिच्या अंगाला जिवंत पिल्लू बिलगलेले होते. त्या पिल्लाचेही भोजनच होणार होते. आमट्यांनी ते मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. नुसत्या उपदेशाने शिकार थांबणार नव्हती, कारण ती पोटासाठी होती. पुढे अशीच अनाथ पिल्ले येत गेली आणि बिबटे, अस्वले, हरणे, साप यांचे अनाथालय उभे राहिले.

११.
प्रकल्पातील सहकारी विलास मनोहर यांनी ‘नेगल’ या पुस्तकात या प्राण्यांच्या सहवासाचे चित्रण केले आहे. नेगल हे तेथील बिबट्याचे नाव. प्रकाश आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ हे आत्मकथनही मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. सहलीपूर्वी ही दोन पुस्तके वाचली, तर पिंजऱ्यासमोर उभे राहून छायाचित्र काढण्यापलीकडे बरेच काही दिसू लागते.

१२.
बाहेरच्या जगाने दखल घेतली ती बरीच नंतर. १९९५ मध्ये मोनाको या छोट्या देशाने आमटे दांपत्याच्या गौरवार्थ टपाल तिकीट काढले. २००२ मध्ये प्रकाश आमटे यांना पद्मश्री मिळाली आणि २००८ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार. १० ऑक्टोबर २०१४ रोजी समृद्धी पोरे दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकर, सोनाली कुलकर्णी आणि बाबा आमटे यांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. चित्रीकरण हेमलकशातही झाले. काम सुरू होऊन तेव्हा चार दशके लोटली होती.

१३.
येथे इंद्रावतीपलीकडची एक कथा आठवणे अपरिहार्य आहे. भामरागडच्या पूर्वेला अबुझमाडचे डोंगर आणि त्यापुढे बस्तरमधील नारायणपूर. तेथील गढबेंगाल गावात आर्ने सुक्सडॉर्फ या स्वीडिश दिग्दर्शकाने ‘एन युंगलसागा’ हा चित्रपट चित्रित केला. तो १९५७ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला पंडित रविशंकर यांचे संगीत लाभले. गावातलाच चेंदरू नावाचा मुरिया मुलगा त्यात झळकला. वाघाच्या बछड्यासोबतच्या त्याच्या छायाचित्रांनी युरोपातील बालवाचकांना वेड लावले. त्याला स्वीडनलाही नेण्यात आले.

१४.
मग चेंदरू गावी परतला आणि कॅमेरा निघून गेला. पुढचे सारे आयुष्य त्याने हलाखीत काढले. २०१३ मध्ये दीर्घ आजारानंतर त्याचे निधन झाले. ज्या जंगलाने जगाला इतके सुंदर चित्रपट दिला, त्या जंगलातील नायकाच्या वाट्याला त्यातून टिकाऊ असे फारसे काही आले नाही.

१५.
दोन्ही घटनांतील फरक महत्त्वाचा आहे. बस्तरमध्ये कॅमेरा आधी आला आणि त्याच्यामागून काही उभे राहिले नाही. हेमलकशात रुग्णालय आणि शाळा आधी उभी राहिली, कॅमेरा चाळीस वर्षांनी आला आणि तो गेल्यावरही बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग तशीच राहिली. तरीही एक प्रश्न दोन्हीकडे समान आहे. चेंदरूचे नाव निदान ठाऊक झाले. हेमलकशाच्या चित्रपटातून प्रेक्षकाला डॉक्टरांची नावे आठवतात, पण त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या माडियांपैकी किती जणांची? परक्याच्या हातून औषध घेण्याचे धाडस ज्यांनी प्रथम केले, त्यांच्यावाचून हा इतिहास घडलाच नसता.

१६.
आता प्रत्यक्ष बेत. नागपूरहून हेमलकसा सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. वाट वरोरा, चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली अशी. रेल्वेने येणाऱ्यास बल्लारशाह हे सोयीचे स्थानक. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पावसाळा टाळावा. मुक्कामाची व भेटीची पूर्वसूचना प्रकल्पाला द्यावी आणि होकार आल्यावरच निघावे. ओळखपत्र जवळ असावे. हा नक्षलप्रभावित भाग असल्याने रात्रीचा प्रवास टाळावा. आष्टी ते आलापल्ली या टप्प्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ असते, त्यामुळे वेळ हाताशी राखून ठेवावा.

१७.
हा मार्गच इतिहासाच्या क्रमाने पाहता येतो. वरोऱ्याला आनंदवन, चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आणि शेडमाक्यांचे स्मरणस्थान, आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे जुन्या सागवृक्षांचे राखीव वन, आणि शेवटी हेमलकसा व भामरागडचा त्रिवेणी संगम. घाईने एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा तीन दिवस काढावेत.

१८.
तेथे पोहोचल्यावर काही गोष्टी पाळाव्यात. रुग्णांची छायाचित्रे काढू नयेत. माडिया स्त्री-पुरुषांची वा मुलांची छायाचित्रे विचारल्यावाचून काढू नयेत. ‘नाही’ हे उत्तर मिळाले तर ते मान्य करावे. प्राण्यांना खाऊ घालू नये, हात लावण्याचा आग्रह धरू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे आणि पिंजऱ्यातला बिबट्या हा चित्रपटातला सहकलाकार नव्हे. मुलांना चॉकलेटे वाटण्यापेक्षा ग्रंथालयासाठी काय हवे ते आधी विचारून न्यावे.

१९.
पन्नास वर्षांपूर्वी भामरागडला सहलीसाठी गेलेल्या माणसांनी संगम पाहिला आणि संगमाच्या काठावरची माणसेही पाहिली. आजचा प्रवासी तेथे दवाखाना उघडणार नाही, तशी अपेक्षाही कोणी करत नाही. परंतु परतताना एखाद्या माडिया माणसाचे नाव, त्याच्या बोलीतले चार शब्द आणि त्याच्या गावचा रस्ता पावसाळ्यात किती दिवस बंद असतो, एवढे जरी तो विचारून आला, तरी सहल सत्कारणी लागली असे म्हणता येईल.

(धागा समाप्त)